गिअरबॉक्स गॅलरीत, जीप पार्किंगमध्ये आणि मी मधल्या मधे

पत्र थोडक्यात असं आहे. मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय, वय ५७, बँकेत नोकरी, रिटायर व्हायला एक वर्ष बाकी. मिस्टर ६१ वर्षांचे, एका कंपनीत मेंटेनन्सला सगळी नोकरी काढून रिटायर झाले आणि लगेचच कर्जतजवळच्या एका ओळखीच्यांच्या फार्मवरून १९९१ ची महिंद्रा एमएम ५४० जीप एक लाख दहा हजाराला घेऊन आले. "घरच्या घरी स्वस्त पडतं, शोरूमसारखी करतो, दिवाळीला भंडारदऱ्याला जाऊ" असं म्हणाले, ताई ह्याला हट्ट म्हणतात. ती दिवाळी गेली. आज जीप पूर्ण खोललेली आहे, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बिल्डिंगखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, इंजिन ताडपत्रीखाली, गिअरबॉक्स गॅलरीत, ब्रेकचे ड्रम पलंगाच्या बॉक्समध्ये आणि नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. जीपच्या किमतीसकट पावणेतीन लाख गेलेत. सोसायटीचं दुसरं पत्र आलंय. मुलगी पुण्याहून फोनवर सांगते की आई, बाबांच्या छंदात तू पण थोडा भाग घे. ताई विचारतात: "भंगारात द्यायला लावू की गप्प बसू? विका म्हटलं की हे दोन दिवस धड जेवत नाहीत, गप्प बसलं की पैसे जातात. आणि मला ह्या जीपमध्ये काडीचाही रस नाही, हे माझं चुकतंय का?"

ताई, नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमचं काहीच चुकत नाही. मुलीने प्रेमानेच सांगितलं असणार, पण दिवसभर बँकेत काम करून मुलुंडपर्यंत लोकलने उभ्याने आलेल्या बाईने संध्याकाळी पाना हातात घेऊन नवऱ्याच्या शेजारी बसावं ही अपेक्षा मला पटत नाही. रस नसला तरी चालेल. माहिती मात्र हवी, कारण पैसे घरातले गेलेत आणि गॅलरी तुमचीही आहे, आणि ही माहिती घ्यायला इंजिनातलं काही कळावं लागत नाही, चार-पाच नेमके प्रश्न विचारता आले की पुरे. लालबागला माझ्या मामांचं गॅरेज होतं, शाळा सुटली की मी तिथेच असायचे, त्यामुळे हे प्रश्न कुठले ते मी सांगू शकते.

तुम्ही दोनच रस्ते लिहिलेत, भंगार नाहीतर गप्प बसणं. समजा आज ठरवलं की विकायची. खोललेली जीप विकायला काढली की भाव भंगाराचाच येतो, कारण घेणाऱ्याला काय आहे, काय हरवलंय आणि काय फुटलंय हे कळायला मार्ग नसतो, तो धोका धरूनच बोलतो. तीच जीप चार चाकांवर उभी असेल, इंजिन-गिअरबॉक्स जागेवर असतील आणि कागद साफ असतील तर एमएम ५४० ला आजही गिऱ्हाईक आहे, चांगलं आहे. आता समजा ठेवायची ठरवलं, तरी पुढचं काम तेच, आधी कागद, मग चासी, मग गाडी चाकांवर. म्हणजे पुढचे दोन-तीन महिने विकणाऱ्याचा आणि ठेवणाऱ्याचा रस्ता एकच आहे, तर विकायची की ठेवायची ह्यावर आत्ता भांडण कशाला काढायचं. तो प्रश्न बाजूला ठेवा, कागदांपासून सुरुवात करा.

कागद म्हणतेय कारण तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, सोसायटी आहे, मुलगी आहे, पण आरसी बुक हा शब्द एकदाही नाही. जीप आज कोणाच्या नावावर आहे? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे ही २००६ ला संपली, त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करून घ्यावं लागतं. फार्मवरच्या जीपचं नेहमी असं होतं की शेतातल्या शेतात तर फिरते, कोण जातंय पेणच्या आरटीओत पासिंगला, आणि मग वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. आरसीची मूळ प्रत मागा, त्यावरचा मालक आणि ज्याला पैसे दिले तो माणूस एकच आहे का बघा, कर्जाचा बोजा लागलेला आहे का बघा. मालकी बदलायला २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर आरसीतल्या मालकाची सही लागते, तो हयात नसेल तर वारसांकडून ३१ नंबरचा फॉर्म आणि सोबतचे कागद, आणि ह्या सह्या आज ओळख ताजी आहे तोवर मिळतात, दोन वर्षांनी तोच माणूस फोन उचलत नाही. एवढी जुनी गाडी सरकारच्या परिवहन वेबसाइटवर दिसेलच असं नाही, जुन्या रजिस्टरमधून आधी ऑनलाइन नोंद करून घ्यावी लागू शकते, त्यात वेळ जातो. नूतनीकरणाची फी चारचाकीला एप्रिल २०२२ पासून ५००० झाली, त्यानंतर २० वर्षांवरच्या गाड्यांना अजून वाढली, वर उशिराचा दंड, पर्यावरण कर, नवी एचएसआरपी नंबर प्लेट, विमा, पीयूसी. आजचे आकडे आरटीओच्या खिडकीवर विचारून लिहून घ्या, ते जीपच्या खर्चातच धरायचे आहेत, नंतरचा किरकोळ खर्च म्हणून सोडायचे नाहीत.

नंबर जुळतात का हेही बघा. चासीवर कोरलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर, दोन्हींची पेन्सिल प्रिंट काढायची, म्हणजे नंबरवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघायचं. तुम्ही बँकेतल्या, सह्या ताडण्यात आयुष्य गेलंय, हे एक काम तुम्हीच करा असं मी सुचवेन, दहा मिनिटं लागतात आणि कपड्यांना ग्रीस लागत नाही. १९९१ च्या ५४० मध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन यायचं, पण शेतातल्या जीपमध्ये मधल्या काळात इंजिन बदललं गेलेलं असणं ह्यात नवल काहीच नाही. बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ते आधी सोडवावं लागेल. मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी कायद्याला चालत नाही, त्यामुळे मिस्टरांच्या मनात बॉडी कापणं, उंची वाढवणं असलं काही असेल तर ते आत्ताच काढून टाकायला सांगा. कोणी म्हणेल व्हिंटेजमध्ये टाका, पण त्याला गाडी ५० वर्षांची लागते, ही जीप तिथे २०४१ ला पोचेल, आणि तशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, रॅली वगैरे सोडून एरवी रस्त्यावर काढता येत नाही.

कागद होणारच नाहीत असं निघालं तर मात्र मी स्पष्ट सांगते, पुढचा एकही रुपया घालू नका. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल ह्यांना वेगवेगळे भाव येतात, ते शांतपणे विकायचे, आणि चासी गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात विचारून, आरटीओतली नोंद रद्द करून मगच सोडायची. नाहीतर तोच नंबर उद्या दुसऱ्या कुठल्यातरी जीपवर फिरतो आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

कागद होणार असतील तर दुसरं, चासी. ती आत्ता उघडी आहे हे एका अर्थाने बरंच आहे. एक छोटी हातोडी घ्यायची आणि मागच्या आडव्या बीमवर, पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे अडकवलेले असतात त्या हँगरपाशी, बॉडी जिथे बसते त्या माउंटपाशी हळूहळू ठोकत जायचं. धड लोखंड टण्ण वाजतं, आतून कुजलेलं बद्द वाजतं, कान देऊन ऐकलं तर कोणालाही कळतं. जिथे बद्द वाजलं तिथे जुना स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचायचा, पापुद्रे पडले किंवा तो आत गेला तर खडूने गोल करायचा. दोन-तीन गोल झाले तर घाबरायचं कारण नाही, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने बसवता येतो, फक्त कुजलेल्यावर वरून पट्टी मारून देणारा वेल्डर नको. पण हँगरपाशी सगळीकडे गोल झाले, चासी पिळवटलेली निघाली, तर तो खर्च किती ते लिहून घेऊन मग पुढचं ठरवा.

आता मिस्टर अडकलेत कुठे ते सांगते, कारण ह्यात त्यांची कुवत कमी पडलीय असं मला अजिबात वाटत नाही. अख्खी जीप एकदम खोलायची हे ज्याच्याकडे शेड आहे, क्रेन आहे, चार हात आहेत त्याचं काम. एका गाडीच्या पार्किंगमध्ये हे केलं की सुट्या भागांना जागा पुरत नाही, मग ते घरात शिरतात, कुठला बोल्ट कुठला ते आठवत नाही, आणि रोज सकाळी खाली गेलं की समोर एवढं पडलेलं असतं की माणूस सोपं काम शोधतो, काहीतरी घासत बसतो. शंभर कामं दहा-दहा टक्के झालेली असतात, पूर्ण एकही नाही. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय असं पत्रावरून दिसतं.

आणि इथेच तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. तुम्ही ह्याला "हट्ट" म्हटलंय. असेलही. पण मशीन बंद पडलं की ज्याला घरून बोलावून घ्यायचे असा हा माणूस, त्याला आता कोणी बोलावत नाही, आणि सकाळी डबा घेऊन खाली उतरायला त्यांनी स्वतःच एक कारण तयार केलंय असं तर नसेल? तसं असेल तर तुमचं "विका" हे वाक्य त्यांना जीपबद्दल ऐकूच येत नसणार, तुम्ही काही कामाचे राहिला नाहीत असं ऐकू येत असणार. म्हणून न जेवणं बरोबर आहे असं मी म्हणत नाही, घरातल्या पैशांबद्दल बायकोने विचारलं की ताट बाजूला सारायचं ही गोष्ट मला चुकीचीच वाटते आणि ती त्यांना शांतपणे सांगायला हवी. पण प्रश्न बदलून बघा. "कधी होणार?" विचारू नका, त्याचं उत्तर "दिवाळीला" हेच येणार. त्याऐवजी असं विचारा, "तुम्ही कंपनीत शटडाऊन घ्यायचात तेव्हा आधी कागदावर काय काय लिहायचात? तसाच एक कागद मला ह्या जीपचा द्या." मेंटेनन्सच्या माणसाला हे लगेच कळेल. शटडाऊनमध्ये मशीन खोलायच्या आधी परत जोडायची तारीख ठरलेली असते, कुठला पार्ट हातात आहे आणि कुठला यायचाय ह्याची यादी असते, काय बाहेरून करून घ्यायचं ते ठरलेलं असतं. जे कंपनीसाठी इतकी वर्षं केलं ते घरच्या जीपसाठी केलेलं नाही, एवढंच झालंय.

त्या कागदावर कामाचा क्रम असा यायला हवा असं माझं मत आहे, आणि हे सरळ त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल. आधी अ‍ॅक्सल, पाटे, किंगपिन, बेअरिंग, स्टिअरिंगचे टाय रॉड, चाकं. गाडी घोड्यांवरून उतरून ढकलता आली पाहिजे. लगेच ब्रेक. पलंगाच्या बॉक्समधले ते ड्रम लेथवाल्याकडे न्यायचे, लंबगोल झालेत का, चर पडलेत का ते तो मोजून सांगेल, व्हील सिलिंडर, रबरी होस आणि ब्रेक लायनर सगळं नवीन, ह्यात काटकसर नाही, आणि मागच्या पावसाळ्यापासून उघडा पडलेला ब्रेक ऑइलचा डबा वापरायचा नाही कारण ते हवेतली ओल शोषून घेतं. ब्रेक इंजिनाच्या आधी का म्हणतेय, तर इंजिन सुरू झालं की गेटपर्यंत एक चक्कर मारायचा मोह कोणालाही होतो. मग इंजिन आणि गिअरबॉक्स, म्हणजे तुमची गॅलरी मोकळी. त्यानंतर डिझेलची लाइन, रेडिएटर, वायरिंग. मग पत्राकाम. मग आरटीओची तपासणी. पत्राकामाला लागेल तेवढा प्रायमर पुरे, रंगाचा शेवटचा हात सगळ्यात शेवटी. शोरूमसारखी हा शब्द जरा बाजूला ठेवायला सांगा, रंग आधी केला की पुढच्या प्रत्येक कामात तो ओरखडतो आणि मग माणूस काम करायलाच घाबरतो. जीप चालती झाली, ब्रेक लागले, पासिंग झालं की मग रंग दोन वर्षांनी झाला तरी काही बिघडत नाही.

आता मे लागलाय, मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून आहे, त्यामुळे हे एक नीट ऐका. चासी ब्लास्टिंगला, म्हणजे बारीक कणांचा मारा करून जुना रंग आणि गंज काढायला, द्यायची असेल तर वेल्डिंग आधी उरकायचं, आणि ब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. खाडीच्या एवढ्या जवळ उघडं लोखंड एक रात्र राहिलं तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो, मग वरून कितीही रंग मारा, गंज आतून चालूच राहतो. साधा रेड ऑक्साइड मारून पावसाळाभर तसंच ठेवायचं हेही नको, त्यातून ओल आत जाते. पावसाआधी जमणार नसेल तर जुना रंग तसाच राहू द्या, ऑक्टोबरमध्ये करा. आणि ब्लास्टिंगवाल्याला चासी नंबरवर जाड टेप लावायला सांगा, देण्याआधी नंबरचा फोटो काढा, नंबर घासला गेला तर पुढे आरटीओत काय काय होईल ते विचारू नका.

"घरच्या घरी स्वस्त पडतं" हे वाक्य त्यांचं आहे ना, त्यालाही जरा हात लावू. साफसफाई, जोडणी, ग्रीसिंग, वायरिंग, ब्रशने चासी रंगवणं, हे घरी खरंच स्वस्त पडतं आणि मन लावून होतं. पण डिझेल पंप आणि नोझल घरी उघडायचे नाहीत, पंपवाल्याकडे कॅलिब्रेशनला द्यायचे. बोअर, क्रँक, हेड हे मशीन शॉपचं काम. सोसायटीत वेल्डिंग नको. डिझेलची टाकी तर रिकामी असली तरी कधीच वेल्डिंगला घ्यायची नाही, आत वाफ राहते आणि टाकी फुटते, ती ज्याला हे काम येतं त्याच्याकडे द्या किंवा सरळ नवीन घ्या. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाचा स्प्रे स्टिल्टखाली मारायचा नाही, त्याच्या हार्डनरमधलं रसायन फुप्फुसांना वाईट, आणि तिथूनच शाळेची मुलं येतात-जातात. जुने ब्रेक लायनर साफ करताना हवेने धूळ उडवायची नाही, जुन्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. इंजिन खूप काळ बंद असेल तर थेट स्टार्टर मारायचा नाही, हीटर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून, वेळ देऊन, आधी हाताने फिरवून बघायचं.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसची दुकानं त्यांना माहीत असतीलच, हत्यारांना नागदेवी. जुना पार्ट हातात घेऊन जायचं, नुसत्या नावावर आणायचा नाही, ५४० मध्ये वर्षांनुसार फरक पडत गेलेत. ब्रॅकेट, बिजागऱ्या, दिवे जुने चालतील. जे गाडी थांबवतं आणि वळवतं ते नवीनच.

त्यांच्या वयाबद्दल बोलायला संकोच वाटतो पण बोलते. गिअरबॉक्स गॅलरीतून खाली नेताना आणि बसवताना त्यांनी स्वतः उचलायचा नाही, दोन पोरं आणि चेन पुली. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, घोड्या लावून, वरून जोरात हलवून बघून मगच, आणि आजूबाजूला कोणीतरी असतानाच, वॉचमनला सांगून. पावडरचा एबीसी फायर सिलिंडर जवळ हवा. ही तुमची अट म्हणून घाला, ह्यात माघार घेऊ नका.

सोसायटीचं माझ्या मते तसं अवघड नाही. पार्किंग तुमच्या नावावर असलं तरी ते गाडी उभी करायला दिलेलं आहे, वर्कशॉपला नाही, त्यामुळे कमिटी चुकीची नाही हे आधी मान्य करा. पत्राला पत्राने उत्तर द्या, त्यात तारीख लिहा, अमुक तारखेपर्यंत जीप चाकांवर उभी राहील आणि सगळे भाग एका ताडपत्रीखाली येतील, दुपारी ठोकाठोक होणार नाही, नाही जमलं तर आम्ही ती हलवू. आणि हलवायची जागा खरोखर बघून ठेवा, रबाळेला किंवा भिवंडीकडे कोणाच्या गाळ्यात महिन्याच्या भाड्याने कोपरा मिळतो. जळकं ऑइल कॅनमध्ये साठवून रिसायकलिंगवाल्यालाच द्यायचं, गटारात एक थेंब नाही. मुलुंड पूर्वेचं पावसाचं पाणी ठाणे खाडीला जातं, २०२२ मध्ये त्या खाडीला रामसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय, फ्लेमिंगो तुमच्या घरापासून फार लांब नाहीत, आणि फरशीवरचा तेलाचा डाग हा कमिटीच्या रागाचा अर्धा भाग असतो हेही खरं.

पैशांचं. पावणेतीन लाख गेले, ते आता कुठल्याही निर्णयात धरू नका, "एवढे घातलेत तर अजून घाला" असंही नाही आणि "एवढे घालवलेत" असा टोमणाही नाही. त्या शटडाऊनच्या कागदावरून उरलेला खर्च काढायला लावा, त्यात चौथा हिस्सा वाढवा कारण जुन्या गाडीत आत उघडल्यावर काहीतरी निघतंच, आणि मग दोघांनी मिळून एक आकडा ठरवा. ती रक्कम वेगळ्या खात्यात. दर महिन्याला बिलं फाइलला. खातं रिकामं झालं की काम थांबतं, गाडी झाकून उभी राहते, भांडण नाही. तुमच्या ग्रॅच्युइटीचे आणि पीएफचे पैसे ह्यात येणार नाहीत हे आजच सांगा, रागावून नाही, बँकेत ग्राहकाला नियम सांगता त्या आवाजात. एक वर्षाने ते पैसे हातात येतील तेव्हा सांगायला जाल तर उशीर झालेला असेल.

भंडारदऱ्याला मात्र जीपची वाट बघू नका. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे गाडी करून जाता येतं, पहिल्या पावसानंतर जा, दोघंच जा. फिरायला जाणं जीपला बांधून ठेवलंय म्हणून तुमचा राग वाढलाय असं मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

एकच गोष्ट लक्ष ठेवून बघा. ते खाली जातात, चिडतात, काळे हात घेऊन वर येतात, तोपर्यंत काळजी नाही. पण खाली जाणंच बंद झालं, झोप उडाली, जीपचं नाव काढलं तरी गप्प, असं काही आठवडे चाललं तर ते जीपपुरतं नाही असं समजा आणि फॅमिली डॉक्टरांशी बोला. रिटायर झाल्यानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत बऱ्याच पुरुषांचं असं होतं आणि त्यावर मदत मिळते.

अशीच जुनी जीप किंवा जिप्सी बघून ठेवलेली पण अजून आणलेली नाही अशी बरीच मंडळी हे सदर वाचतात, त्यांना एवढंच सांगते. टोइंगवाल्याला बोलवायच्या आधी आरसीचा फोटो मागवा, स्वतः जाऊन चासी नंबर त्याच्याशी ताडून बघा, हातोडी खिशात ठेवा, आणि आरसीतला मालक सही करायला आरटीओत येणार का हे दलालाकडून नाही, त्या मालकाच्या तोंडून ऐका. आणि आणल्यावर निदान महिनाभर फक्त धुवा, ग्रीस करा, लिहून काढा, एका वेळी एकच भाग खोला, तो परत लावा, मग दुसरा.